बाण दाखवू नका, मी शोधते

हल्ली कुठलाही मोठा, महागडा गेम सुरू करा, पहिला अर्धा तास तो आपल्याशी बोलतच राहतो. हे बटण दाबा, इकडे बघा, तिकडे चला, जिथून वर चढायचं तिथे पिवळा रंग फासलेला, नकाशात ठिपकेच ठिपके, आणि एखाद्या कोड्यापाशी आपण जरा विचार करत उभं राहिलो की सोबत चालणारं कॅरेक्टर धीर न धरता उत्तर सांगून मोकळं. ग्राफिक्स अफाट असतात, मान्य, मेहनत दिसते, पैसा ओतलेला दिसतो, पण मला त्यात खेळल्यासारखं वाटतच नाही, कोणीतरी बोट धरून फिरवून राहिलं असं वाटतं. मग मी तो बंद करते आणि परत सेलेस्ट लावते, नाहीतर हॉलो नाइट, नाहीतर सरळ मारिओ, चाळीस वर्षं जुना, तोच पहिला.

आणि हे जुन्या आठवणींचं प्रेम नाहीये हं. लोक लगेच म्हणतात की लहानपणीचं सगळंच गोड लागतं. पण सेलेस्ट आला २०१८ मधे, तेव्हा मला नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली होती. मला जे आवडतं ते जुन्या गेममधेही आहे आणि या नव्या, दोन-चार लोकांनी मिळून केलेल्या इंडी गेममधेही आहे: हे गेम खेळणाऱ्याला हुशार समजतात. वस्तू समोर ठेवतात आणि गप्प राहतात, आता तू बघ म्हणतात. तो विश्वास मला इतका आवडतो की भेटेल त्याला मी यावर ऐकवत असते, म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू.

मारिओपासूनच सुरू करते. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५, निन्टेन्डो, शिगेरू मियामोतो आणि त्यांची टीम. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणून आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच चित्रं आहेत, फक्त रंग बदललेला. लहानपणी हजारदा ती झुडपं ओलांडली असतील, कधी लक्षात आलं नाही, आणि कळलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

पण खरी करामत आहे ती पहिल्या स्क्रीनमधे. मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडे सगळी जागा मोकळी, म्हणजे जायचं कुठे हे सांगायची गरजच नाही. दोन पावलं गेलो की वर एक चमचमणारा प्रश्नचिन्हाचा डबा आणि समोरून चालत येणारा तो रागीट भुवयांचा प्राणी, गूम्बा त्याचं नाव, आम्ही भुंगा म्हणायचो. त्याला धडकलो की मेलो, आणि मेलो तरी काय, अजून काही कमावलेलंच नसतं, परत तिथूनच सुरू. दुसऱ्या वेळी घाबरून कुठलं तरी बटण दाबलं जातंच, मारिओ उडतो, भुंग्यावर पडतो, भुंगा चपटा. झालं, शिकलो. किंवा उडी चुकते आणि डोकं त्या डब्याला लागतं, नाणं निघतं, तेही शिकलो. मग पुढच्या डब्यातून मशरूम निघतं, ते उजवीकडे सरकत जातं, पाइपला आपटतं आणि उलटं फिरून आपल्याकडेच यायला लागतं. नुकताच भुंग्याने मारलेला असतो म्हणून आपण याच्यापासूनही पळायला बघतो, पण वर विटा आहेत, उडी मारली तरी डोकं विटेला लागून खालीच येतो, त्यामुळे बहुतेक वेळा मशरूम अंगावर येतंच. आणि मारिओ मोठा होतो! वाईट वाटलेली गोष्ट चांगली निघाली. यातलं काही अपघाताने झालेलं नाही, मशरूम आपल्याला लागावंच म्हणून ती जागा तशी रचलीये, हे मियामोतोंनी स्वतः सांगितलेलं आहे.

त्याच लेव्हलमधे पुढे पायऱ्यांचे दोन ढीग समोरासमोर आहेत, मधे जमीन. उडी चुकली तर खाली पडतो, काही होत नाही, परत चढायचं. आणि लगेच पुढे अगदी तसेच दोन ढीग, पण आता मधे खड्डा. आधी बिनधोक सराव, मग खरी परीक्षा, आणि सगळं एका शब्दाशिवाय. शिकवणं काय असतं हे मला त्या पायऱ्यांइतकं कोणी दाखवलेलं नाही.

हे माझ्यासाठी एवढं मोठं का आहे ते सांगते. आमचं घर नागपूरच्या महाल भागात. मे महिन्यात नागपूरला दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा पंचेचाळीसच्या वर, दारं-खिडक्या बंद, कूलरचा घरघराट, आणि त्या अंधारलेल्या खोलीत टीव्हीसमोर मी, दादा आणि सुट्टीत आलेली मावसभावंडं. टीव्ही गेम बर्डीच्या बाजारातून आणलेला. ओरिजिनल निन्टेन्डो आमच्या ओळखीत कोणाकडेच नव्हता, सगळ्यांकडे त्याची नक्कल, आणि सोबत एक पिवळं कार्ट्रिज ज्यावर ९९९९ इन १ लिहिलेलं, आत मोजकेच गेम, तेच तेच वेगवेगळ्या नावाने फिरून येणारे. मॅन्युअल वगैरे काही नाही. असतं तरी आम्हाला वाचता आलं नसतं, मराठी शाळेतली पोरं आम्ही, इंग्रजी तेव्हा फक्त एबीसीडीपुरतं. म्हणजे जपानमधे बसून एका माणसाने अशी जागा रचली की भाषा न येणारं, काही न वाचलेलं, नागपूरच्या महालातलं एक पोर पहिल्या मिनिटात समजून घेईल की काय करायचं. तो गेम आमच्यापर्यंत पोचला याचं कारणच ते होतं. त्यात पानभर सूचना असत्या तर आम्ही कार्ट्रिज काढून दुसरा गेम लावला असता.

मग कॉन्ट्रा. कोनामीचा, मूळचा व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवरचा, १९८७. दोघांनी एकाच वेळी खेळायचा गेम, आणि भावाबहिणीत भांडण लावणारा याच्याइतका जबरदस्त गेम झाला नाही. धबधब्याची लेव्हल आठवते का? तिथे स्क्रीन वर वर सरकते आणि जो मागे राहिला, स्क्रीनच्या खाली गेला, तो मेला. दादा आपला टणाटण उड्या मारत वर. "ए दादा, थांब ना, मरून जाईन मी!" "मग लवकर ये ना, काऊन तिथंच उभी आहे?" शेवटी आमची एक पद्धत बसली, वरच्याने एका दगडावर थांबायचं, खालच्याने त्याच्या बरोबरीला यायचं, मग दुसऱ्याने निघायचं. गेमने कुठेही लिहिलेलं नाही की एकमेकांना सांभाळून घ्या. स्क्रीन नुसती वर सरकत राहिली आणि आम्ही आपोआप सांभाळून घ्यायला लागलो. तीस लाइफवाला कोड, वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, तो कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडियससाठी केलेला, त्यांना टेस्टिंग करताना स्वतःचाच गेम फार कठीण जायचा म्हणून, आणि नंतर तो काढायचा राहून गेला. तिकडून फिरत फिरत तो कोड महालातल्या पोरांच्या तोंडी आला, तोही असा की गायत्री मंत्र चुकेल पण हा चुकणार नाही.

पार्लरचं सांगायलाच पाहिजे. इतवारीकडे जाताना एका गल्लीत होतं, तीन-चार मशीन, एक रुपयाचं नाणं टाकायचं, आणि प्रत्येक मशीनमागे खेळणाऱ्यापेक्षा बघणारेच जास्त. मुली तिथे जात नसत. मला दादा घेऊन जायचा, तो सोबत असला की कोणी काही म्हणत नसे, काका उलट स्टूल द्यायचे की बस बेटा. तिथला राजा गेम म्हणजे मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम, १९९३, पण ते नाव आमच्यातल्या कोणीही घेतलेलं मला आठवत नाही. त्यातला टोपीवाला मुस्तफा कैरो धावत येऊन जी लाथ घालतो त्या लाथेवर सगळं नागपूर फिदा होतं. त्यातलं शिकायचं सगळं मागे उभं राहून शिकायचं: उडी आणि मार दोन्ही बटणं एकदम दाबली की गोल फिरून भोवतीच्या सगळ्यांना उडवतो पण आपली थोडी ताकद जाते, पिंपं फोडली की खायला मिळतं, गाडीच्या लेव्हलला ती कॅडिलॅक गुंडांच्या अंगावरून सरळ न्यायची. एक रुपया म्हणजे एक रुपया होता, म्हणून आधी खूप बघायचं, डोक्यात पक्कं करायचं आणि मग नाणं टाकायचं. चार जणांत एक मुलगी आहे, हॅना डंडी. मला दादाने नाणं दिलं की मी हॅनाच घ्यायची, मागची पोरं ओरडायची मुस्तफा घे मुस्तफा घे, पण मी हॅनाच. आजही घेते.

त्या वयातला तिसरा गेम कॉम्प्युटर क्लासमधला, प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर यांनी जवळपास एकट्याने केलेला, १९८९, ॲपल टू या कॉम्प्युटरवर. आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं, म्हणून तो राजपुत्र तसा खऱ्या माणसासारखा धावतो, थांबताना घसरतो, कड्याला लटकला की अंग झुलतं. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. मशीनची मेमरी संपत आलेली, नवा शत्रू काढायला जागाच नाही, तेव्हा राजपुत्राचंच चित्र थोडं बदलून त्यातून त्याची सावली उभी केली. आणि त्या सावलीशी शेवटी शेवटी जी गाठ पडते ना, ती माझ्या मते व्हिडिओ गेममधली सगळ्यात सुंदर जागा आहे. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा. सावलीवर तलवार मारली की आपलीच ताकद कमी होते, तिला मारलं तर आपणही मरतो. उपाय हा की तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. कुठेही सूचना नाही. आमच्या क्लासमधल्या मुलांनी कितीदा तिथे जीव गमावला, आणि ज्या दिवशी एकाने वैतागून तलवार आत ठेवली तेव्हा अख्खा क्लास त्या मॉनिटरभोवती जमला होता. सर पण.

मधली बरीच वर्षं मी सोडून देते, कॉलेज, नोकरी, नीड फॉर स्पीड आणि व्हाइस सिटी सगळ्यांसारखे खेळले, मजा आली, त्यावर वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. इंडी गेम माझ्या आयुष्यात आले ते लॅपटॉपमुळे. ऑफिसच्या कामासाठी घेतलेला साधा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, मोठा गेम टाकला की पंखा कूलरइतका आवाज करायचा, मग स्टीम या गेम विकणाऱ्या साइटच्या सेलमधे त्यावर चालतील असे गेम शोधायला लागले आणि एक खजिनाच हाती लागला.

सेलेस्ट. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मधे चार दिवसांत एक छोटासा गेम केला, पिको-८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, आणि त्याचाच पुढे जानेवारी २०१८ मधे मोठा सेलेस्ट झाला. एक मुलगी, मॅडलिन, डोंगर चढते. बस. उडी, हवेत एक झेप, आणि भिंत पकडणं, एवढंच तिला येतं आणि शेवटपर्यंत मुख्यतः एवढ्यावरच गेम चालतो. कठीण आहे, खूप कठीण आहे, शेकड्याने मरतो आपण, पण मेल्यावर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच परत त्याच खोलीच्या सुरुवातीला उभे. आणि गेम तुम्हाला मरण्याबद्दल कधी हिणवत नाही, उलट सुरुवातीलाच एक पोस्टकार्ड दाखवतो की मेल्याचा आकडा अभिमानाने मिरव, जितका मोठा तितकं जास्त शिकून राहिलीस.

याची बारीक कारागिरी मला माझ्या भाचीने दाखवली, दादाची मुलगी, सातवीत आहे. तिच्या हातात कंट्रोलर, मी बाजूला बसलेली, आणि ती एकदम थांबून म्हणाली, "आत्या, हे बघ. पाय कड्याच्या बाहेर गेला होता, मी पडायला पाहिजे होती ना? तरी उडी लागली." मी म्हटलं परत करून दाखव. तिने परत केलं, परत लागली. तर हे खरंच तसं बनवलेलं आहे: कडा सोडल्यावरही काही फ्रेम, म्हणजे सेकंदाचा एक बारीकसा तुकडा, गेम तुम्हाला उडी मारू देतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी देतो. वर उडताना डोकं एखाद्या कोपऱ्याला घासलं तर हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. दिसत काहीच नाही, बोलत तर त्याहून नाही, पण हात म्हणतो की मला जे करायचं होतं तेच झालं. इतका कठीण गेम, आणि आतून इतका मायाळू! मला तो मारिओच्या मशरूमचा सख्खा वारसदार वाटतो, तिथे वरच्या विटा आपल्यासाठी ठेवल्या होत्या, इथे त्या काही फ्रेम.

त्यात असिस्ट मोड पण आहे, गेमचा वेग कमी करा, दमच संपणार नाही असं करा, मरणारच नाही असंही करा. यावरून नेटवर कडाक्याची भांडणं होतात की हे चिटिंग आहे. मला अजिबात पटत नाही. कोणाचा हात दुखतो, कोणाची नजर अधू असते, कोणाला फक्त गोष्ट बघायची असते, ते त्यांनी ठरवावं, आणि गेम तेच म्हणतो, ठरवायचं तुम्ही. तोही विश्वासच की. आणि गोष्ट बघण्यासारखी आहेच. मॅडलिनला पॅनिक अटॅक येतात, एका ठिकाणी डोंगरावर नेणारा रोपवे मधेच अडकतो आणि तिचा श्वास कोंडतो, तेव्हा सोबतचा थिओ तिला सांगतो की एक पीस डोळ्यासमोर आण, आणि आपण बटण दाबून, सोडून ते पीस वरखाली तरंगत ठेवायचं, तिच्या श्वासाबरोबर. मी ते खरोखरीच्या वाईट दिवसांत वापरलेलं आहे. लीना रेनचं संगीत मागे चालू असतं. ते तर मी काम करतानाही लावते.

हॉलो नाइटबद्दल बोलायला लागले तर रात्र जाईल. टीम चेरी, ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड गाव, मोजकी माणसं, लोकांकडून किकस्टार्टरवर पैसे जमवले आणि २०१७ मधे आणला. जमिनीखालचं किड्यांचं एक उद्ध्वस्त राज्य, हॅलोनेस्ट, आणि त्यात एक मुका, पांढऱ्या मुखवट्याचा छोटासा योद्धा. नकाशाचं त्यांनी काय केलंय बघा. नवीन भागात गेलात की नकाशा नसतो. कुठेतरी कागदाची पानं पडलेली दिसतात, गुणगुणण्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या दिशेने शोधत गेलं की कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा जाड्या किडा भेटतो, त्याच्याकडून अर्धवट नकाशा विकत घ्यायचा. बाकीचा भाग भरायला लेखणी वेगळी विकत घ्यायची, आणि तोही भरला जातो बाकावर बसलं की तेव्हाच. आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे दिसायला होकायंत्राचं ताईत अंगावर घालायला लागतं, आणि ताईतांसाठी असलेल्या मोजक्या जागांतली एक त्यात अडते. लोकांना याचा राग येतो. मला वाटतं हा गेम जगावेगळा झाला तो यामुळेच, कारण हरवल्याशिवाय ते राज्य ओळखीचं होत नाही, आणि काही दिवसांनी मी नकाशा न उघडता महालातल्या गल्ल्यांतून जाते तशी त्यातल्या ग्रीनपाथ नावाच्या भागातून जायला लागले.

त्याच राज्यात एक शहर आहे जिथे सतत पाऊस पडतो, आसवांचं शहर. जमिनीखाली पाऊस! खेळताना मनात येतं आणि जातं. मग खूप नंतर, नकाशाच्या वरच्या अंगाला भटकताना, अचानक एक निळं शांत तळं लागतं. आणि थोडा वेळ बघत राहिलं की डोक्यात प्रकाश पडतो, अरे, हे तळं त्या शहराच्या बरोब्बर वर आहे. पाणी इथून झिरपतंय. कोणी सांगत नाही, ट्रॉफी मिळत नाही. मी तेव्हा रात्री एकटीच जोरात "अबे!" म्हणाले होते. सिल्कसाँग, याचा पुढचा भाग, ४ सप्टेंबर २०२५ ला आला, २०१९ पासून सगळे वाट बघून होते. आधीच्यापेक्षा कठीण आहे आणि त्यातली नायिका हॉर्नेट फार वेगात पळते, माझं त्याच्यावरही प्रेम आहे, पण मन अजून हॅलोनेस्टमधेच.

अंडरटेल, टोबी फॉक्स, २०१५. यात कोणालाही न मारता शेवटपर्यंत जाता येतं, हे तर सगळे सांगतात. मला हादरवलं ते दुसऱ्या गोष्टीने. सुरुवातीला जी आईसारखी माया करते तिला चुकून मारलं, वाईट वाटून गेम परत लोड केला आणि दुसऱ्यांदा वाचवलं, तर पुढे एक फूल समोर येऊन म्हणतं की मला माहीत आहे तू काय केलंस. गेमने आठवण ठेवलेली असते. त्याहून जास्त सांगत नाही.

स्टारड्यू व्हॅली मात्र सविस्तर, कारण त्यात आमचे मामा आले. एरिक बरोन या एका माणसाने चारेक वर्षं राबून केलेला गेम, प्रोग्रॅमिंग, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्याने, फेब्रुवारी २०१६ मधे आला. आजोबा वारल्यावर त्यांची पडीक शेती नातवाकडे येते आणि आपण ती कसायची. विकला गेला ४ कोटींहून जास्त, तरी त्यानंतरही नवनवे मोठे अपडेट फुकट देत राहिला, १.६ तर २०२४ मधे. आमच्या मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. दिवाळीत ते आले होते, मी लॅपटॉपवर शेत करत बसलेली, त्यांनी चष्मा लावला आणि बाजूला येऊन बसले. संत्र्याचं झाड आहे त्यात, मी मोठ्या कौतुकाने दाखवलं.

"पाणी किती देते?"

म्हटलं, मामा, यात फळझाडाला पाणी द्यायला लागत नाही.

"आणि ताण?"

ताण म्हणजे बहार यावा म्हणून काही दिवस पाणी तोडतात ते, तर तोही नाही. मग विचारलं बहार कुठला, आंबिया की मृग. मी म्हटलं, उन्हाळ्यात फळं लागतात. मामा बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिले. पण मग मी त्यांना दाखवलं की रोप लावलं की चारी बाजूंच्या घरांत काही ठेवायचं नाही, नाहीतर झाड वाढत नाही, तेव्हा ते खूश झाले, "हे बरोबर केलं त्यानं. आम्ही वीस बाय वीस फुटांवर लावतो, जवळ लावलं की झाड हवा खात नाही." नंतर तासभर त्यांनी सांगितलं आणि मी खेळले, कुठे काय लावायचं, कोंबड्यांचं खुराडं कुठल्या बाजूला. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर काय काय असतं ते मला माहीत आहे, मामांच्या घरी मी ते बघितलंय, त्यामुळे ज्या शेतात पाऊस वेळेवर येतो आणि माल पेटीत टाकला की सकाळी पैसे हातात, ते शेत बघून मामांना काय वाटत असेल असं मनात येत होतं. ते म्हणाले, "असं असतं तर बरं होतं ना." आणि मग "उद्याचा दिवस लाव."

आपल्याकडचा एक सांगते. राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांकडून सोडवायला निघते. मारामारी काही ठिकाणी अडखळते आणि गेम फार लवकर संपतो हे माझं स्पष्ट मत, पण त्या राजस्थानी वाड्यांच्या भिंतींवर हात फिरवावा असं काम आहे, आणि गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या वापरल्यात. पार्लरमधे हॅनालाच घेणाऱ्या मुलीला कमरेला ओढणी बांधून त्रिशूळ फिरवणारी मुलगी दिसते तेव्हा काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. यांनी पुढे खूप गेम करावेत.

आणि सगळ्यात शेवटी ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोप, २०१८. हाही एकट्याचाच, याचा आधीचा पेपर्स प्लीजही मोठा गेम आहे. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत येतं, वर एकही माणूस जिवंत नाही. आपण विम्याचे तपासनीस. साठ माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि तो कसा मेला किंवा कुठे गेला ते वहीत भरायचं. जवळ एक घड्याळ आहे, ते प्रेताजवळ उघडलं की त्या माणसाचा शेवटचा क्षण दिसतो, गोठलेला, त्यात फिरून बघता येतं. चित्रं जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यासारखी, ठिपक्या-ठिपक्यांची, दोनच रंग. साठांतली बरीच नावं कोणी कधी तोंडाने घेतच नाही. मग बोलण्याची ढब ऐकायची, कोण कोणाशेजारी उभा आहे ते बघायचं, जहाजावर आपल्या हिंदुस्थानातलेही खलाशी आहेत. एका प्रसंगात खलाशी झोळ्यांमधे झोपलेले दिसतात. मी तिथून कितीदा तरी तशीच निघून गेले असेन. मग एकदा बारीक बघितलं तर प्रत्येक झोळीला नंबर आहे. आणि वहीत खलाशांची यादी आहे, तिलाही नंबर आहेत. तो नंबर पहिल्यापासून तिथेच होता, माझ्या नाकासमोर.

आणि तीन उत्तरं बरोबर आली की तेव्हाच गेम सांगतो की हो, ही तीन बरोबर. एकेक करून अंदाज मारत बसायची सोय ठेवलेली नाही, विचार करायलाच लागतो.

साध्या लॅपटॉपवर चालतो. सेलमधे घ्या. नेटवर त्याबद्दल काहीही वाचू नका, व्हिडिओ तर चुकूनही बघू नका, कारण हा गेम माणसाला एकदाच खेळता येतो. रात्री सलग दोन-तीन तास असतील तेव्हाच बसा, हेडफोन लावा, कारण आवाजांत खूप काही आहे, आणि गेममधली वही आहे तरी बाजूला एक खरी वही आणि पेन ठेवा. अडलात तर मला फोन करा, उत्तर देणार नाही, पण कुठल्या प्रसंगात परत जाऊन उभं राहायचं तेवढं सांगेन. फक्त संध्याकाळी सातच्या आत करू नका, तोपर्यंत भाची आमच्याकडे असते, तिचे अजून एकवीस खलाशी राहिलेत आणि तिला सगळं स्वतःच शोधायचं आहे.